टोनी रोमोचा दोष किती?

6 जानेवारी 2007. सिएटलचं मैदान, अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीचा सामना आणि घड्याळात 1 मिनिट 19 सेकंद शिल्लक. डॅलस काउबॉइजचा संघ 21-20 असा एका गुणाने मागे. चेंडू गोलरेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर. आता करायचं ते इतकंच, की चेंडू खांबांमधून मारायचा, तीन गुण घ्यायचे आणि पुढची फेरी गाठायची. किक होती 19 यार्डांची. या पातळीवर एवढ्या जवळची किक चुकली तर त्याची बातमी होते.

किक मारण्याआधी एक बारीकसं काम असतं. एक खेळाडू फळीच्या सात-आठ यार्ड मागे गुडघा टेकून बसतो. दोन पायांमधून मागे फेकलेला चेंडू तो दोन्ही हातांनी घेतो, जमिनीवर टोकावर उभा करतो, शिवणीच्या दोऱ्या किक मारणाऱ्याच्या पायापासून दूर वळवतो आणि वरच्या टोकावर बोट ठेवून धरतो. सगळं मिळून सव्वा-दीड सेकंद. त्या रात्री गुडघा टेकून बसला होता टोनी रोमो, संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू नीट हातात आला. टेकवताना निसटला. रोमोने तो उचलला आणि डावीकडून गोलरेषेकडे धाव घेतली. सिएटलच्या जॉर्डन बॅबिनोने मागून झेप घेऊन त्याला पाडलं. सामना गेला.

त्या सव्वा सेकंदाचा हिशोब रोमोच्या नावावर पुढे दहा वर्षं चालू राहिला. निवृत्तीनंतरही तो मिटलेला नाही.

या हिशोबात फारसं न सांगितलं जाणारं एक कलम आहे. मुख्य क्वार्टरबॅकला चेंडू धरायला सहसा बसवत नाहीत. ते काम राखीव क्वार्टरबॅकचं किंवा पंटरचं, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब लाथाडणाऱ्याचं. रोमोला 2003 साली सात फेऱ्यांच्या निवडीत एकाही संघाने घेतलं नव्हतं. ईस्टर्न इलिनॉयसारख्या छोट्या विद्यापीठातून तो डॅलसमध्ये आला आणि तीनेक वर्षं राखीव म्हणून बसून राहिला. चेंडू धरायचं काम त्याच्याकडे आलं ते तेव्हा. ऑक्टोबर 2006 मध्ये ड्रू ब्लेडसोला बसवून प्रशिक्षकांनी त्याला मैदानात उतरवलं, त्याने हंगाम फिरवला, तो मुख्य क्वार्टरबॅक झाला. जुनं काम मात्र कुणी काढून घेतलं नाही. म्हणजे सिएटलला चेंडू ज्या हातांतून निसटला, ते हात तिथे असण्याचं कारण आधीच्या तीन वर्षांत होतं, संघाच्या सवयीत होतं आणि एका न घेतलेल्या निर्णयात होतं.

चाहत्यांना हे सांगून उपयोग नसतो. डॅलसमध्ये तर मुळीच नाही.

टेक्सासात फुटबॉल आणि चर्च शेजारी-शेजारी नांदतात. अर्व्हिंगच्या जुन्या टेक्सास स्टेडियमच्या छताला मधोमध मोठी मोकळी जागा होती. देवाला आपला संघ खेळताना दिसावा म्हणून ती ठेवली आहे, असं तिथले लोक कौतुकाने सांगत. 28 डिसेंबर 1975 ला मिनेसोटाविरुद्ध काउबॉइजचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅक याने शेवटच्या क्षणी लांबवर चेंडू फेकला, ड्रू पिअरसनने तो पकडला आणि संघ 17-14 असा जिंकला. कॅथलिक स्टॉबॅकने नंतर सांगितलं, की डोळे मिटून ‘हेल मेरी’ म्हटलं आणि चेंडू सोडला. तेव्हापासून अशा प्रत्येक फेकीला अमेरिकेत त्या प्रार्थनेचंच नाव आहे. पिअरसनने बचावपटूला ढकललं, अशी तक्रार मिनेसोटाचे लोक अजून करतात. पंचाने शिट्टी वाजवली असती तर ती प्रार्थना आज कुणाच्या लक्षात नसती. स्टॉबॅकच्या फेकीचा दर्जा मात्र जो होता तोच राहिला असता.

स्टॉबॅकने डॅलसला दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले, ट्रॉय एकमनने तीन. त्यातला शेवटचा जानेवारी 1996 मध्ये. रोमोने वारसा घेतला तो या दोघांचा, आणि दहा वर्षं वाट पाहणाऱ्या गावाचा.

क्वार्टरबॅक म्हणजे काय हे थोडक्यात सांगायला हवं, कारण सगळा वाद त्या जागेतून उगवतो. अकरा जणांचा संघ आक्रमणाला उतरतो, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू पहिल्यांदा क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पुढची पाच धिप्पाड माणसं त्याला दोन-तीन सेकंदांचा अवकाश मिळवून देतात. तेवढ्यात त्याने समोरची मांडणी वाचायची, कोण मोकळा सुटतोय ते ताडायचं आणि चेंडू सोडायचा. बचावाच्या वेळी तो बाकावर बसलेला असतो. किक मारताना तर त्याचा संबंधच नसतो. सिएटल हा अपवाद. असं असूनही जय-पराजयाचा आकडा मांडला जातो तो क्वार्टरबॅकच्या नावापुढे. रोमोच्या नावापुढे नियमित सामन्यांत 78 विजय आणि 49 पराभव आहेत, बाद फेरीत 2 विजय आणि 4 पराभव. त्याच्या पुढ्यात उभं राहून मार खाणाऱ्या गार्डच्या किंवा सेंटरच्या नावापुढे असा आकडा कुणी लिहीत नाही.

त्या 2-4 वर चाहत्यांनी निकाल दिला. हा माणूस आकडे जमवतो, सामने जिंकत नाही. वेळ आली की याचे हात थरथरतात. याच्यात काहीतरी कमी आहे. इथे शेवटच्या वाक्याकडे नीट पाहायला हवं. पहिली दोन वाक्यं खेळाबद्दलची आहेत, चूक किंवा बरोबर ठरू शकतील अशी. तिसरं वाक्य माणसाच्या आत शिरतं आणि त्याच्या शीलावर बोट ठेवतं. सामन्याच्या फळावरून माणसाच्या अंतरंगाचा निकाल लावण्याचा अधिकार कुणाला आहे का, हा प्रश्न धर्मचिंतनाने आणि तत्त्वज्ञानाने फार पूर्वीपासून हाताळला आहे. स्टेडियममध्ये तो दर रविवारी नव्याने उभा राहतो.

रोमोच्या शेजारी ठेवून पाहावा असा माणूस त्याच काळात, त्याच गटात खेळत होता. न्यूयॉर्क जायंट्सचा ईलाय मॅनिंग. दोघांची गाठ वर्षातून दोनदा पडायची. पास फेकण्याच्या कामगिरीचं जे अधिकृत रेटिंग आहे त्याची कमाल 158.3, रोमोचं कारकिर्दीचं रेटिंग 97.1, मॅनिंगचं 84.1. रोमोने 248 टचडाउन फेकले, म्हणजे गोलरेषेपलीकडे पोचून गुण देणाऱ्या फेकी केल्या, आणि 117 वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला, ज्याला इंटरसेप्शन म्हणतात. मॅनिंगचे टचडाउन 366, पण त्याने दिलेले चेंडू 244. जायंट्सकडून मुख्य क्वार्टरबॅक म्हणून त्याचे नियमित सामन्यांतले विजय 117 आणि पराभव 117, अगदी तंतोतंत बरोबरी. तरीही मॅनिंगच्या बोटात दोन सुपर बोलच्या अंगठ्या आहेत, दोन्ही वेळा अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्याच्याबद्दल चाहते म्हणतात, याला दडपण माहीत नाही.

या दोन निकालांच्या मुळाशी जाऊ या.

2007 च्या हंगामात डॅलसने 13 सामने जिंकले, 3 हरले. जायंट्सना दोनदा हरवलं. मॅनिंगने त्या वर्षी 20 इंटरसेप्शन दिले होते. बाद फेरीत एक आठवड्याची सुट्टी मिळाली तेव्हा रोमो मित्रमंडळी आणि आपली तेव्हाची मैत्रीण, गायिका जेसिका सिम्प्सन हिच्यासोबत मेक्सिकोच्या समुद्रकिनारी जाऊन आला. 13 जानेवारी 2008 ला त्याच जायंट्सनी डॅलसला 21-17 असं हरवलं. रोमोची शेवटची फेक गोलरेषेपलीकडे आर. डब्ल्यू. मॅकक्वार्टर्सने पकडली. झालं, चाहत्यांना कारण सापडलं. मेक्सिको. सामन्यानंतर त्याचा सहकारी टेरेल ओवेन्स काळा चष्मा लावून पत्रकारांपुढे बसला आणि रोमोवर खापर फोडू नका असं सांगताना रडू लागला. हा आमचा क्वार्टरबॅक आहे, आम्ही संघ म्हणून हरलो, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्या पत्रकार परिषदेची पुढे बरीच वर्षं टिंगल झाली. त्या आठवड्यात डॅलसमध्ये सर्वांत शहाणं बोलला असेल तर तो ओवेन्सच.

तीन आठवड्यांनी, 3 फेब्रुवारीला, मॅनिंग सुपर बोलमध्ये उभा होता. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स, एकही सामना न हरलेला, 18-0. जायंट्स 14-10 असे मागे. मॅनिंगची एक फेक सरळ पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलकडे गेली. सॅम्युएलने उडी घेतली, चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला. तो पकडला असता तर सामना तिथेच संपला असता आणि मॅनिंगच्या नावावर सुपर बोल घालवणारा इंटरसेप्शन जमा झाला असता. पुढच्याच प्रयत्नात दोन बचावपटूंनी मॅनिंगचा सदरा धरलेला असताना तो सुटला आणि त्याने चेंडू मैदानाच्या मध्यावर उंच फेकला. डेव्हिड टायरीने तो एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. रॉडनी हॅरिसन त्याच्या हाताला लोंबकळत होता. टायरीने त्या हंगामाच्या नियमित सामन्यांत अवघे चार चेंडू झेलले होते. मग प्लॅक्सिको बरेसला टचडाउन, 17-14, आणि मॅनिंग अमर.

मॅनिंगच्या हिमतीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. तावडीतून सुटणं हे त्याचंच. पण सॅम्युएलच्या बोटांची लांबी त्याची नव्हती. हेल्मेटवर टिकलेला चेंडूही त्याचा नव्हता. आणि चाहत्यांनी त्याला जो धीरोदात्तपणा बहाल केला आहे, त्याला या दोन गोष्टींचा आधार आहे.

दुसऱ्या अंगठीचीही कथा अशीच. 11 डिसेंबर 2011 ला डॅलस जायंट्सविरुद्ध सहाएक मिनिटं असताना 34-22 असं पुढे होतं. जायंट्सनी 37-34 अशी आघाडी घेतली. शेवटी डॅलसच्या डॅन बेलीने बरोबरीची किक मारली, ती खांबांमधून गेलीसुद्धा, पण त्याआधीच जायंट्सनी टाइमआउट घेतला होता. पुन्हा मारलेली किक जेसन पिअर-पॉलच्या हाताला लागली. त्या हंगामात जायंट्स 9-7 वर थांबले, डॅलस 8-8 वर. जायंट्स बाद फेरीत गेले. तिथे मॅनिंग खरोखर देखणा खेळला, 9 टचडाउन आणि फक्त 1 इंटरसेप्शन. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल विल्यम्सच्या हातून पंटचे दोन चेंडू गेले नसते तर अंतिम सामना दिसला नसता. त्या विल्यम्सला पुढे जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. फळावरून माणूस तोलण्याची सवय कुठवर जाते याचा तो पुरावा आहे.

1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एका परिसंवादात याच पेचाला हात घातला. नेगेलचं उदाहरण ट्रकचालकाचं आहे. दोन चालकांनी सारख्याच निष्काळजीपणाने ब्रेक तपासायचे टाळले. एकाच्या वाटेत कुणी आलं नाही. दुसऱ्याच्या चाकाखाली मूल आलं. दोघांचा दोष सारखा असं बुद्धी सांगते, पण जग एकाला विसरतं आणि दुसऱ्याला आयुष्यभर गुन्हेगार मानतं. तो चालक स्वतःही स्वतःला माफ करत नाही. माणसाच्या हातात नसलेली गोष्ट त्याच्या नैतिक मूल्यमापनात शिरते, आणि तिला बाहेर काढायला जावं तर मूल्यमापन करण्याजोगं फारसं उरतच नाही, अशी ही कोंडी आहे. कांटने 1785 मध्ये सदिच्छेचं मूल्य फळावर अवलंबून नसतं असं ठामपणे सांगितलं होतं. नेगेलने दाखवलं की हे तत्त्व आपण मान्य करतो आणि वागताना मात्र पाळत नाही.

नेगेलच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी, 1759 च्या नीतिविषयक ग्रंथात, ॲडम स्मिथने हेच निरीक्षण नोंदवलं होतं. त्याचं एक उदाहरण रोमोच्या चाहत्यांना वाचून दाखवावं असं आहे. मंत्र्यांच्या मत्सरामुळे ज्याची विजयाची संधी हुकली, असा सेनापती. त्याच्या अंगी गुण आहेत हे सगळे जाणतात, तरी तो गुण अपुराच वाटतो, लोकांना आणि त्याला स्वतःलाही. स्मिथने या विसंगतीचा बचावही केला. माणूस कृतीसाठी जन्मला आहे, नुसत्या चांगल्या हेतूवर त्याने समाधान मानू नये म्हणून निसर्गानेच ही ओढ मनात ठेवली, असं त्याचं म्हणणं. या बचावात तथ्य आहे. फळाची पर्वाच न करणारा क्वार्टरबॅक कुठल्याही संघाला नको असतो. पण स्मिथचा युक्तिवाद प्रयत्नाला बळ देण्यापुरता आहे. हरलेल्याच्या आत खोट शोधण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

तो परवाना टेक्सासच्या चर्चमध्येही मिळायला नको. बायबलमधला ईयोब सर्वस्व गमावून राखेत बसतो, तेव्हा सांत्वनाला आलेले त्याचे मित्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, की तुझं वाटोळं झालं त्याअर्थी तुझ्या हातून पाप घडलंच असणार. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. लूकच्या शुभवर्तमानात सिलोआमचा बुरूज कोसळून 18 माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असं समजू नका, असं येशू बजावतो. रविवारी सकाळी हे ऐकून दुपारी स्टेडियममध्ये जाणारी माणसं तिथे ईयोबाच्या मित्रांच्या जागी बसतात, ही बोचणारी गोष्ट आहे. ती माणसं दुष्ट नाहीत. जगात न्याय असावा, जो हरला तो हरायच्या लायकीचा असावा, ही त्यांची तहान खरी आहे. तसं नसेल तर आपण इतकी वर्षं जीव टाकून जे पाहतो आहोत ते निव्वळ उडत्या नाण्यासारखं ठरेल, ही भीतीही खरी आहे.

मराठी वाचकाला इथे गीता आठवली तर दुसऱ्या अध्यायातला फलत्याग आठवेल. रोमोच्या प्रकरणाला अधिक लागू पडतो तो अठरावा अध्याय. कोणतंही कर्म पार पडायला पाच कारणं लागतात असं तिथे श्रीकृष्ण सांगतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. असं असताना जो एकट्या कर्त्यालाच सगळ्याचं कारण समजतो, त्याची समज कच्ची, असा पुढचा निर्वाळा आहे. हे वचन प्रामुख्याने कर्त्याच्या अहंकारासाठी आहे, मी केलं म्हणणाऱ्याला जमिनीवर आणण्यासाठी. पण ते प्रेक्षकालाही तितकंच लागू आहे. एकट्या मॅनिंगने जिंकलं म्हणणारा आणि एकट्या रोमोने हरवलं म्हणणारा, दोघेही चार कारणं पुसून टाकतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माची परीक्षा नुसत्या बाह्य परिणामावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, अशी भूमिका आग्रहाने मांडली. कांट आणि मिल यांना समोर ठेवून त्यांनी हा वाद लढवला आहे.

ही पाच कारणं 11 जानेवारी 2015 च्या सामन्याला लावून पाहता येतात. ग्रीन बे, बाद फेरी. त्या हंगामात रोमोचं रेटिंग 113.2 होतं, सबंध लीगमध्ये पहिलं. अधिष्ठानाचा अर्थ शंकराचार्यांनी देह असा लावला आहे. रोमोचा देह म्हणजे शस्त्रक्रिया झालेली पाठ. कर्ता म्हणून त्याने त्या दिवशी 19 पैकी 15 फेकी साधल्या, एकही इंटरसेप्शन नाही. साधनं म्हणजे बाकीचे दहा जण. त्यातल्या डिमार्को मरेपुढे मोकळं मैदान पसरलेलं असताना ज्युलियस पेपर्सने त्याच्या हातातला चेंडू उडवला. हालचालींचं म्हणावं तर शेवटची साडेचार मिनिटं उरली असताना, चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे असताना, रोमोने डेझ ब्रायंटकडे लांब फेक केली. ब्रायंटने बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू घेतला, तीन पावलं टाकली, गोलरेषेकडे हात लांबवला आणि पडता पडता चेंडू जमिनीला लागून उसळला. मैदानावरच्या पंचांनी झेल दिला. ग्रीन बेच्या प्रशिक्षकांनी फेरतपासणी मागितली. झेल रद्द झाला, आणि पाचवं कारण, दैव, ते हे. डॅलस 26-21 असं हरलं.

2018 मध्ये लीगने झेलाचा तो नियमच बदलला. बदलाच्या चर्चेत ब्रायंटच्या झेलाचं उदाहरण पुन्हा पुन्हा दिलं गेलं. रोमोच्या नावापुढचा आकडा अर्थातच बदलला नाही. 2-4 मधल्या चारात तो पराभव आजही धरला जातो.

म्हणून रोमो निर्दोष होता का? मुळीच नाही, आणि त्याच्या कैवाऱ्यांनी इथे फार सैल भूमिका घेतली आहे. 2 ऑक्टोबर 2011 ला डेट्रॉइटविरुद्ध डॅलस 27-3 असं पुढे होतं. तिथून रोमोने तीन इंटरसेप्शन दिले, त्यातले दोन डेट्रॉइटच्या खेळाडूंनी थेट टचडाउनपर्यंत नेले, आणि सामना 34-30 असा गेला. चोवीस गुणांची आघाडी असताना जोखमीच्या फेकी करायची गरज नव्हती. ती रोमोची जन्मखोड होती. काहीही सुटू देणार नाही, प्रत्येक चेंडूतून काहीतरी काढणारच. डिसेंबर 2012 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध, बाद फेरीचं दार उघडायचं असताना, पुन्हा तीन इंटरसेप्शन. इथे कर्त्याचा वाटा मोठा आहे. दैवाच्या नावाखाली तो झाकणं हीसुद्धा फसवणूकच.

पण तीच खोड दुसऱ्या अंगाने पाहावी लागते. सप्टेंबर 2011 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याची बरगडी मोडली, फुफ्फुसाला भोक पडलं, आणि तो परत मैदानात येऊन जादा वेळेत सामना जिंकून गेला. डिसेंबर 2013 मध्ये वॉशिंग्टनला पाठीची चकती सरकलेल्या अवस्थेत शेवटच्या मिनिटांत चौथ्या प्रयत्नावर टचडाउन फेकून त्याने 24-23 असा विजय मिळवला. पाच दिवसांत शस्त्रक्रिया. वेळ आली की हात थरथरतात म्हणणाऱ्यांच्या यादीत हे सामने नसतात. कारकिर्दीत चौथ्या सत्रातलं त्याचं रेटिंग त्याच्या एकूण रेटिंगपेक्षाही वर होतं.

या सगळ्याचा अर्क 6 ऑक्टोबर 2013 च्या एका सामन्यात सापडतो. समोर डेन्व्हर, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग, ईलायचा थोरला भाऊ. रोमोने त्या दिवशी 506 यार्ड आणि 5 टचडाउन फेकले. डॅलसच्या इतिहासात एका सामन्यात एवढे यार्ड कुणी फेकले नव्हते. त्याच्या बचावफळीने तोवर 48 गुण दिले होते. 48-48 अशी बरोबरी असताना, दोनेक मिनिटं उरलेली असताना, त्याची एक फेक डॅनी ट्रेवेथनने झेपावून पकडली. डेन्व्हरने घड्याळ संपवलं, शेवटच्या क्षणी किक मारली, 51-48. दुसऱ्या दिवशी चर्चा एका फेकीची. ती फेक चुकीची होती हे खरं. ती करण्याच्या जागी तो उभा होता तो मात्र आधीच्या पस्तीस फेकींमुळे, हेही तितकंच खरं. सुमार क्वार्टरबॅक असता तर संघ तीन सत्रांतच संपला असता, शेवटच्या मिनिटात चूक करायची पाळीच त्याच्यावर आली नसती, आणि त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. सामना शेवटापर्यंत खेचून आणणाऱ्यालाच शेवटचा दोष लागतो. रोमोवर झालेला मोठा अन्याय आहे तो हा.

2016 च्या सराव सामन्यात त्याच्या मणक्याचं हाड मोडलं. जागा मिळाली नवख्या डॅक प्रेस्कॉटला, आणि प्रेस्कॉट जिंकतच सुटला. नोव्हेंबरमध्ये रोमो बरा होऊन परतला तेव्हा चाहत्यांत दोन तट पडले होते. 15 तारखेला तो पत्रकारांपुढे आला, खिशातून कागद काढला आणि वाचून दाखवला. प्रश्न घेतले नाहीत. प्रेस्कॉटने ही जागा स्वतः कमावली आहे, असं त्याने सांगितलं. बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात काय काळोख असतो तेही सांगितलं. माणूस दोन लढाया लढत असतो, एक समोरच्याशी आणि एक स्वतःच्या आतल्याशी, आणि दुसरी जिंकली की पहिलीचं फारसं काही वाटत नाही, अशा आशयाचं तो बोलला. ज्याच्या अंतरंगावर दहा वर्षं शेरे मारले गेले, त्याचं अंतरंग लोकांना प्रथमच थेट ऐकू आलं. त्या दिवशी अनेक टीकाकारांचा सूर बदलला. पण त्यांना तो बदलायला जे दिसलं, ते आधीच्या तेरा हंगामांत नव्हतं असं कशावरून?

ओहायोतल्या कॅन्टन इथे या खेळाचं कीर्तिदालन आहे. तिथे कुणाचं नाव लागावं हे सुमारे पन्नास जणांची निवड समिती ठरवते. ईलाय मॅनिंगचं नाव 2025 मध्ये प्रथमच पात्र ठरलं तेव्हा ते मंजूर झालं नाही. 117-117 हा आकडा आणि दोन अंगठ्या यांतलं काय धरायचं, हा वाद अजून चालू आहे. अंगठ्यांना महत्त्व द्यायला हरकत नाही. कीर्ती ही शेवटी घडलेल्या गोष्टींचीच असते, घडू शकल्या असत्या त्यांची नसते. स्मिथचं म्हणणं तिथपर्यंत चालतं. रोमोचं नाव त्या भिंतीवर न लागणंही समजून घेता येईल. समजून घेता येत नाही ते एवढंच, की भिंतीवर नाव नाही म्हणून त्या माणसात दम नव्हता असं म्हणणं.

दरम्यान डॅलसमध्ये तोच निकाल आता प्रेस्कॉटकडे वारसाहक्काने आला आहे. बाद फेरीत त्याच्या नावापुढे 2 विजय आणि 5 पराभव आहेत. पाचवा 14 जानेवारी 2024 चा, घरच्या मैदानावर, ग्रीन बेविरुद्ध 48-32. पूर्वार्धात प्रेस्कॉटने दोन इंटरसेप्शन दिले, एकाचा सरळ टचडाउन झाला. हा दोष त्याचा, आणि तो मोजून त्याच्याच पदरात घालायला हवा. त्या वेळी बाकावर बसून त्याने जे पाहिलं, म्हणजे ग्रीन बेचं आक्रमण डॅलसच्या बचावफळीला चिरत एकामागून एक टचडाउन करत होतं, ते मात्र प्रेस्कॉटच्या पदरात घालता येणार नाही.